जुन्या विमानाच्या पंखाची लीडिंग एज: सपाट पत्र्यापासून रिबवर बसेपर्यंत

कापडाचा पंख दुरुस्तीसाठी उघडला की सगळ्यांचं लक्ष आधी लाकडी स्पारकडे, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण काम संपून विमान उन्हात उभं राहिलं की बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते ती पंखाच्या पुढच्या कडेवर, म्हणजे लीडिंग एजवर. दोन रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांच्या) मधे पत्रा आत ओढला गेला असेल, नाकावर, म्हणजे या कडेच्या गोलाईवर, एखादी चपटी पट्टी राहिली असेल, तर चकचकीत रंग ते झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो.

प्रश्न नुसता दिसण्याचाही नाही. पंखाच्या रुंदीच्या पहिल्या पाच-दहा टक्क्यांतच हवेचा दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो. तिथला आकार जास्त टोकदार झाला तर स्टॉल (पंखाची उचल एकदम कोसळणं) पूर्वसूचना न देता येतो, आणि डाव्या-उजव्या पंखांची नाकं वेगवेगळी असतील तर स्टॉलमध्ये विमान एका अंगावर कलंडतं. त्यामुळे ‘कापड चढलं की सगळं सारखं होतं’ हे हँगरमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य मनावर घेऊ नका.

या लेखासाठी मी एरोन्का घराण्यातला पंख धरतोय: ओहायोतल्या मिडलटाउनला १९४५ पासून बनलेलं चॅम्प ७एसी आणि त्याचं शेजारी-शेजारी बसायचं भावंड चीफ ११एसी. एकट्या ७एसी ची संख्या सात हजारांवर आहे, त्यामुळे अमेरिकेत आजही ही विमानं दुरुस्तीला येत असतात. आपल्याकडे याचं महत्त्व वेगळं. २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालेलं एचएएल या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक हे जवळजवळ चीफचंच रूप. ते एचएएलमध्ये घडलं तेव्हा तिथल्या डिझाइनची धुरा कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होती, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक त्यावर शिकले. स्प्रूसचे दोन स्पार, अॅल्युमिनियमच्या रिबा, नाकावर पातळ पत्रा आणि वरून कापड, ही रचना समजली की पायपर कब किंवा टेलरक्राफ्टचा पंखही परका वाटत नाही.

कागदपत्रांचं आधीच उरकून घेऊ. अमेरिकेत मालक आपल्या विमानासाठी सुटा भाग स्वतः बनवू शकतो, पण तो मंजूर नकाशाप्रमाणे आहे हे दाखवावं लागतं आणि काम तपासून सही करणारा परवानाधारक मेकॅनिक लागतो. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) चौकटीत परवानाधारक इंजिनिअरशिवाय यातलं काही उडण्यालायक ठरत नाही. ज्याची शेवटी सही लागणार आहे त्याला पहिल्या दिवशीच हँगरमध्ये बोलवा. काम झाल्यावर बोलावलं तर तो पत्रा काढून दाखवा म्हणेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

आधी सांगाडा

जुना पत्रा काढण्यापूर्वी भरपूर फोटो काढा. कोणत्या रिबवर जोड होता, खिळे किती अंतरावर होते, वरची आणि खालची कड स्पारवर कुठपर्यंत येत होती, पिटो ट्यूबचं (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीचं) भोक कुठे, हे सगळं पत्र्यावरच मार्करने लिहा. जुना पत्रा कितीही पोचलेला असला तरी काम पूर्ण होईपर्यंत भंगारात टाकायचा नाही. तो तुमचा नकाशा आहे.

खिळे उपटताना पक्कड स्पारवर टेकवून उचकटू नका. स्प्रूस मऊ असतं. तरफेच्या एका दाबाने धागे चेपतात आणि तो चट्टा पुढे तपासणीत भेग म्हणून नोंदला जातो. पक्कडीखाली पातळ पत्र्याचा तुकडा ठेवा, खिळा सरळ वर येऊ द्या. पत्रा निघाला की स्पारची पुढची बाजू बहुधा कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच उजेडात येते, तेव्हा ही संधी दवडू नका. दाबाने पडलेल्या आडव्या भेगा केसाइतक्या बारीक असतात आणि रिबांच्या खिळ्यांच्या आसपास लपतात. या मालिकेच्या लाकडी स्पारसाठी एफएएचा (अमेरिकेच्या विमानसुरक्षा यंत्रणेचा) २०००-२५-०२ हा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सक्तीची सुरक्षा-सूचना, त्यामुळेच निघाला. टॉर्च समोरून न मारता लाकडाला जवळजवळ समांतर धरा, भेग असेल तर सावली पडते.

स्पार पास झाला की पंख गुण्यात आणायचा. दोन स्पारच्या मधे कर्णावर ज्या तारा असतात त्या ताणून-सैल करून प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण सारखे करायचे. लांब पट्टीला दोन सरकते टोकदार खुंट लावलेलं ट्रॅमल यासाठी वापरतात. टेपने ही मापं घेऊ नका, टेप झोळ खातो. पत्रा बसल्यावर पंख बऱ्यापैकी जखडला जातो. वाकडा पंख पत्र्याखाली जखडला तर तो वाकडाच राहणार, आणि नंतर तारा पिळत बसलात तर नव्या पत्र्यावर तिरक्या सुरकुत्या उठतील.

मग रिबांची नाकं. पहिल्या आणि शेवटच्या रिबच्या टोकावर सारख्या जाडीचे दोन ठोकळे लावून त्यांच्यावरून दोरा ताणा, आणि मधल्या प्रत्येक रिबचं टोक दोऱ्यापासून किती दूर आहे ते त्याच ठोकळ्याने तपासा. एखादं नाक २-३ मिमी मागे असतंच, कधी तरी कुणी तरी पंख भिंतीवर टेकवलेला असतो. वाकलेली नाकं लाकडी ठोकळा मागे धरून हलक्या हाताने सरळ करा. भेग असेल तर नकाशाप्रमाणे रिब बदला किंवा मंजूर पद्धतीने दुरुस्त करा. कारखान्याच्या सूचना नसतील तिथे एफएएचं एसी ४३.१३-१बी हे परिपत्रक आधाराला घेता येतं.

फर्मा

एका रिबवरून फर्मा काढायचा नाही. न वाकलेल्या तीन-चार रिबा निवडा, जाड पुठ्ठ्यावर प्रत्येकीची रेघ काढा, एकावर एक ठेवा. ज्या रेघा जुळतात त्या खऱ्या. त्यावरून ६ मिमी प्लायचा बाहेरचा फर्मा कापा, म्हणजे बसलेल्या पत्र्यावर बाहेरून टेकवून फट बघता येईल. आतून बसणारा दुसरा फर्मा वाकवण्याच्या टेबलावर लागतो.

ताळा करायला मूळ आकृतीची मापं हाताशी असू द्या. या पंखांचा एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, एनएसीए ४४१२. त्याचे आकडे १९३३ सालीच प्रसिद्ध झाले आहेत. पंखाची रुंदी ६० इंच म्हणजे १५२४ मिमी धरली तर टोकापासून १९ मिमी मागे वरचा पृष्ठभाग कॉर्डरेषेच्या (पुढच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंतच्या सरळ रेषेच्या) ३७ मिमी वर आणि खालचा २२ मिमी खाली. ३८ मिमी मागे हेच आकडे ५२ आणि ३० होतात. ७६ मिमी मागे ७२ आणि ३८, आणि १५२ मिमी मागे १०० आणि ४४. खालची बाजू किती लवकर सपाट होते आणि वरची किती चढत राहते ते यातून दिसतं. नाकाच्या गोलाईची त्रिज्या रुंदीच्या १.५८ टक्के, म्हणजे साधारण २४ मिमी. हा २४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्याभोवती फिरतं. रिबवरचा फर्मा आणि हे आकडे मिलिमीटरभर इकडे-तिकडे असतील तर फर्मा धरा, कारण तुमचा पत्रा रिबवर बसणार आहे, पुस्तकावर नाही. फरक त्याहून मोठा असेल तर मात्र रिबांची पुन्हा तपासणी करा.

पत्र्याची रुंदी काढायला वरच्या कडेपासून नाकावरून खालच्या कडेपर्यंत कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तीन ठिकाणी खुणा करा: वरची कड, नाकाचं टोक, खालची कड. नाकाची खूण पट्टीच्या मध्यावर येणार नाही, कारण वरचा भाग लांब असतो. पंखाच्या मुळाशी, मधे आणि टोकाकडे अशा तीन पट्ट्या घ्या.

कोणता पत्रा

जुन्या नकाशांवर २४एसटी, ५२एस, ३एस अशी नावं दिसतात. १९५४ मध्ये आकड्यांची पद्धत बदलली. तेव्हाचं २४एस म्हणजे आजचं २०२४, ५२एस म्हणजे ५०५२, ३एस म्हणजे ३००३. तुमच्या विमानाच्या नकाशावर जो मिश्रधातू, जी टेंपर (कडकपणाची श्रेणी) आणि जी जाडी आहे तीच आणायची. ३००३ हाताला मऊ लागतं, सहज वाकतं, म्हणून मोह होतो, पण इंधन भरताना शिडी टेकली तरी त्याला पोचा पडतो. जाडी वाढवण्याचा मोहही आवरा. ०.४ ऐवजी ०.५ मिमी वापरलात तर दर चौरस मीटरला पाव किलोहून जास्त वजन वाढतं, आणि ६५ हॉर्सपॉवरच्या विमानात कुठलीच वाढ किरकोळ नसते.

इथून पुढे मी ०.५ मिमी जाडीचा २०२४-टी३ अल्क्लॅड पत्रा धरतो. अल्क्लॅड म्हणजे दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा थर. या जाडीत तो प्रत्येक बाजूला साधारण ५ टक्के, म्हणजे ०.०२५ मिमी. गंजापासून रक्षण करतो तो हा थर, आणि स्क्रायबरची (खूण ओरखडायच्या टोकदार हत्याराची) एक रेघ त्याच्या आरपार जाते. त्यामुळे खुणा फक्त मार्करने. पेन्सिलही नको, कारण ग्रॅफाइट अॅल्युमिनियमवर राहिलं की ओलाव्यात तिथेच खड्डे पडायला लागतात. प्लॅस्टिकचं संरक्षक आवरण बाहेरच्या बाजूला शेवटपर्यंत राहू द्या.

पत्रा लाटताना त्याला दिशा येते आणि दिशेला आडवं वाकवावं असा नियम आहे. लांब पत्र्यात दिशा लांबीलाच असते, म्हणजे आपलं वाकवणं नियमाच्या उलट. छोट्या त्रिज्येला हे महागात पडतं, पण इथली गोलाई जाडीच्या निदान तीसपट असल्यामुळे भेगेची भीती नाही. खरी डोकेदुखी वेगळीच आहे.

पत्रा परत किती उघडतो

२०२४-टी३ हा स्प्रिंगसारखा पत्रा. हात सोडला की बराचसा परत उघडतो. २४ मिमी त्रिज्या हवी म्हणून २४ मिमी त्रिज्येच्या पाइपवर वाकवलं तर हाती येतं ६० मिमीच्या आसपास, म्हणजे नाक नव्हेच. यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकायला लागतो तो) ३१० मेगापास्कल धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर शेवटी २४ मिमी हवं असेल तेव्हा वाकवायचं १५ मिमी त्रिज्येला, म्हणजे ३० मिमी व्यासाच्या पाइपवर. याच पाइपवर ०.४ मिमीचा पत्रा २८ मिमीवर थांबेल आणि ३००३-एच१४ चा ०.५ मिमी पत्रा १८-१९ मिमीवर. दुसऱ्याने वापरलेला पाइप तुम्हाला का चालत नाही, त्याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती बऱ्याच जणांना पटत नाही. ०.५ मिमीचा २०२४-टी३ साधारण ५९ मिमीपेक्षा मोठ्या त्रिज्येला वाकवला तर त्याला कायमचा वाक येतच नाही, तो पूर्ण सपाट होतो. म्हणजे नाकाच्या मागचा सौम्य उतार आणण्यासाठी १५० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर पत्रा ओढत बसणं हा नुसता व्यायाम. खांद्यावर कायमची ७५ मिमी त्रिज्या हवी असेल तर पत्रा २७ मिमी त्रिज्येवरून ओढावा लागतो. त्याहून सौम्य भाग तसाच सोडा, रिबवर टेकला की तो आपोआप तेवढा वाकतो आणि त्याचा ताणही फार नसतो.

हे आकडे सुरुवात करण्यापुरते. पत्र्याचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो. त्याच पत्र्यातून, त्याच दिशेने कापलेली १०० मिमी रुंद पट्टी आधी वाकवून फर्म्यावर लावून बघा, मगच मोठ्या तुकड्याला हात घाला.

वाकवण्याचं टेबल

तीन रोलरचं यंत्र चांगलं, पण बहुतेक वर्कशॉपमधलं चार फुटी असतं आणि आपले तुकडे त्याहून लांब. प्रेस ब्रेकवर (पत्रा दाबून वाकवणाऱ्या यंत्रावर) थोडं-थोडं सरकवत वाकवता येतं, पण प्रत्येक दाबाची बारीक चपटी रेघ राहते आणि ती कापडातून उमटते. माझं मत सरळ आहे: लाकडी टेबल आणि बिजागरीची फळी. स्वस्त, आणि वळण सगळ्यात नैसर्गिक.

टेबल पत्र्याच्या तुकड्यापेक्षा हातभर लांब, १८ मिमी प्लायचं, खाली सरळ तुळया. एका लांब बाजूला पियानो बिजागरीने तेवढ्याच लांबीची फळी जोडा, २०० मिमी रुंद किंवा थोडी जास्त. फळीच्या पाठीवर उभी पट्टी ठोकायची. ती नसेल तर दाब देताना फळी मधे वर फुगते आणि पत्र्याचं नाक मधल्या भागात जाड राहतं.

आता पत्रा. आतल्या बाजूला नाकाची रेघ पूर्ण लांबीभर मारा. या रेघेपासून दोन्हीकडे अगदी सारख्या अंतरावर आणखी दोन रेघा मारा, या पकडीच्या रेघा. घडी नेहमी दोन पकडींच्या बरोबर मध्यावर पडते. कडेपासून मोजलंत तर वरचा भाग लांब असल्यामुळे नाक भलतीकडेच येईल. वरच्या भागाची जास्तीची पट्टी पकडीच्या मागे तशीच बाहेर राहू द्या. एक पकडरेघ टेबलाला आणि दुसरी फळीला, दोन्ही बिजागरीजवळ, लाकडी पट्टी आणि क्लॅम्पने आवळा. पत्रा आता मोकळ्या बाजूला मोठ्या कमानीसारखा उभा राहील.

टेबल पुसून घ्या. ड्रिलचा एक कीस खाली राहिला तर नाकावर कायमचा फोड येतो.

फळीच्या मोकळ्या कडेखाली दोन्ही टोकांना आणि मधे असे थांबे ठेवा, म्हणजे पत्रा जिथे वळतो तिथे फळी आणि टेबल यांत ठरलेलंच अंतर राहील. मोकळ्या घडीतल्या सगळ्यात घट्ट जागेची त्रिज्या या अंतराच्या सुमारे ०.४२ पट असते, म्हणजे १५ मिमीसाठी अंतर ३६ मिमीच्या आसपास. पण पत्रा एकदा टोकाशी दबायला लागला की वळण तिथेच गोळा होतं आणि त्रिज्या हिशेबापेक्षा लहान येते. म्हणून ५० मिमीचे थांबे लावून सुरुवात करा. दोन माणसं दोन टोकांना आणि लांब तुकडा असेल तर तिसरा मधे, तिघांनी एकदमच फळी खाली आणायची. दाबा, सोडा, पकड सैल करून फर्मा लावून बघा. मग थांबे २-३ मिमीने कमी करा, पुन्हा दाबा. शेवटच्या दोन-तीन दाबांत मात्र मिलिमीटरभरच उतरा. जास्त वळलेला पत्रा उघडता येतो असं वाटतं, पण उघडताना नाकाच्या दोन्ही बाजूंना कोपरे पडतात आणि ते जात नाहीत.

आत ३० मिमीचा पाइप घडीत सैल ठेवा. तो आकार देण्यासाठी नाही. कुणाचा हात सटकला आणि फळी आदळली तर पत्र्याची कडक घडी होऊ नये म्हणून तो विमा. कमानीतलं वळण टोकाशी सगळ्यात जास्त आणि मागे कमी-कमी होत जातं, आणि एअरफॉइलचं नाकही तसंच असतं. नुसत्या पाइपभोवती घट्ट गुंडाळलेला पत्रा हा आकार देत नाही. तिथे गोलाई संपते तिथेच सरळ भाग सुरू होतो आणि बोट फिरवलं की सांधा जाणवतो.

पत्रा किती वळला की थांबायचं? मोकळा सोडल्यावर त्याचं तोंड रिबपेक्षा १०-१५ मिमी अरुंद हवं. म्हणजे चढवताना थोडं फाकवावं लागेल आणि बसल्यावर तो स्वतःहून रिबला धरून राहील. तोंड रुंद राहिलं तर तुम्ही पट्टे आवळून त्याला खाली ओढाल, आणि मग नाक रिबच्या टोकापासून सुटून पुढे येईल. पट्ट्यांनी पत्रा जागेवर बसवायचा असतो, आकार टेबलावरच झालेला हवा. या कामातल्या बहुतेक खराब लीडिंग एजचं मूळ इथे आहे.

पंखावर बसवणं

पंखाची लांबी एका पत्र्यात होत नाही, पत्रा साधारणपणे १२ फुटी. जोड रिबवरच घ्या, २५ मिमीचा लॅप, म्हणजे दोन्ही थर एकाच रिबवर बसतात. वर येणाऱ्या थराची कड बसवण्याआधी दोन-तीन अंशांनी आत वाकवून घ्या. रिव्हेट आवळल्यावर ती चपखल बसते, नाहीतर जिभेसारखी उचललेली राहते आणि कापडाखाली आयुष्यभर दिसते.

स्पारला जिथे पत्रा टेकणार तिथे लाकडावर वॉर्निश आणि पत्र्याच्या आत इपॉक्सी प्रायमर, दोन्ही पूर्ण सुकलेलं. ओलं लाकूड आणि उघडा पत्रा यांची गाठ पडू द्यायची नाही.

मधल्या रिबपासून सुरुवात करा. नाक रिबच्या टोकावर बसवा, ३०-४० मिमी रुंद रॅचेट पट्टा पंखाभोवती घ्या, पट्ट्याखाली प्रत्येक रिबवर लाकडी पट्टी द्या, म्हणजे दाब रिबवर पडेल, दोन रिबांच्या मधल्या पोकळ पत्र्यावर नाही. मग एक रिब डावीकडे, एक उजवीकडे. टोकांकडून मधे आलात तर सगळा जास्तीचा पत्रा मधे जमतो आणि तिथे फुगवटा येतो. सगळे पट्टे बसले की नाकावरून हात फिरवत जा. जिथे रिबचं टोक पत्र्याला लागलेलं नसेल तिथे बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो. खिळा ठोकण्यापूर्वी हे सगळं सुधारायचं, नंतर नाही.

आधी वरची कड. बहुतेक लाकडी स्पारच्या पंखांत ती स्पारवर खिळ्यांनी असते. खिळे जुन्या मापाचेच, पण जुन्या भोकांत नाही. भोकं थोडी बाजूला घ्या आणि खिळ्यापेक्षा बारीक ड्रिलने आधी वाट करा, नाहीतर स्प्रूस फाटतं. ड्रिलवर टेपची खूण करा म्हणजे गरजेपेक्षा खोल जाणार नाही. वरची कड पक्की झाली की पट्टे पुन्हा एकदा आवळा आणि मग खालची.

रिबवर रिव्हेट असतील तिथे ३/३२ इंची रिव्हेटसाठी ४० नंबरचं ड्रिल, म्हणजे साधारण २.५ मिमी. प्रत्येक भोक पाडलं की लगेच चांदीच्या रंगाची क्लेको (पत्रा तात्पुरता धरून ठेवणारी पिन) लावत जा. तांब्याच्या रंगाची १/८ इंचाची असते, ती इथे चालत नाही. कडेपासून अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट, डोकं पत्र्यात समतळ बसणारा (काउंटरसंक) असेल तर अडीचपट. सगळी भोकं झाली की पत्रा उतरवा, दोन्ही बाजूंची बर (भोकाच्या काठावर उठलेली धार) काढा, आत अडकलेला कीस झटका आणि मगच पुन्हा चढवा. पत्रा पुन्हा उतरवायला जीवावर येतं हे खरं, पण रिब आणि पत्रा यांच्या मधे अडकलेली बर रिव्हेटला कधीच नीट बसू देत नाही.

हँगरमधले दिवे बंद करून एक ट्यूबलाइट नाकाला समांतर धरा. प्रकाशाची रेघ सरळ दिसली पाहिजे. ती जिथे थरथरते तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. दोन रिबांच्या मधे अंगठ्याने दाबून बघा. ‘टक’ आवाज करून पत्रा आत-बाहेर होत असेल तर तिथे जास्तीचा पत्रा अडकलाय, खालच्या कडेचे खिळे काढून तो बाहेर घ्यावा लागेल. बाहेरचा फर्मा प्रत्येक रिबवर आणि प्रत्येक दोन रिबांच्या मधे लावा. मी स्वतः रिबवर अर्धा मिमी आणि मधे एक मिमीपर्यंतची फट चालवतो. नकाशात जास्त कडक माप दिलं असेल तर ते पाळा.

टोक आणि भोकं

पंखाच्या टोकाकडे आकार दोन दिशांनी वळतो. टेबलावर घडी घालून असा भाग होत नाही आणि २०२४-टी३ ठोकून तिथे बसवायचा प्रयत्न केला तर तो फाटतो. मूळ भाग ३००३ किंवा ५०५२ चा असेल तर लाकडी साच्यावर मऊ हातोडीने थोडं-थोडं ठोकून काढता येतो. ठोकून कडक झाला की अॅसिटिलीनच्या धुराची काजळी धरायची आणि हलक्या ज्योतीने ती काजळी उडेपर्यंत तापवायचं, पत्रा पुन्हा मऊ होतो. ही युक्ती २०२४ वर चालवायची नाही, त्याची उष्णतेने आणलेली ताकद जाते. जुना टोकाचा भाग बरा असेल तर नवा बनवण्यापेक्षा त्यातले पोचे काढणं शहाणपणाचं.

लँडिंग लाइट किंवा पिटो ट्यूबची भोकं पत्रा पूर्ण बसल्यावरच कापा. आधी कापलेलं भोक वाकवताना लांबट होतं आणि त्याच्या कडेला घडी पडते. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते.

कापडाआधी

पॉलिएस्टर कापड इस्त्रीने आवळतात, शेवटचा फेरा १७७ अंश सेल्सियसला. त्या ताणाने कापड दोन रिबांच्या मधल्या पत्र्यालाही आत खेचतं, त्यामुळे जो पत्रा आत्ता जेमतेम सरळ आहे तो कापडाखाली खचणार. पत्र्याच्या मागच्या कडेवर, सगळ्या रिव्हेटच्या आणि खिळ्यांच्या डोक्यांवर कापडाची घासण थांबवणारी चिकटपट्टी लावा. बाहेरून दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर द्या. जुना झिंक क्रोमेट वापरू नका. त्यातला क्रोमियम आरोग्याला घातक आहे, आणि कापड चिकटवायच्या द्रावणातलं सॉल्व्हंट त्याला सोलून काढतं.

लॉगबुकसाठी पत्र्याच्या प्रमाणपत्राची प्रत, लॉट नंबर आणि काढलेल्या-बसवलेल्या भागांची वजनं लिहून ठेवा. वजन-समतोलाचा हिशेब पुढे करावा लागेल तेव्हा ही नोंद लागतेच.

आणि कापडाची पाळी येईपर्यंत पंख ठेवायचा कसा? पंख नाक खाली करूनच उभे ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे सगळा भार आपल्या नव्या पत्र्यावर. त्यासाठी रुंद पट्ट्यांची झोळी असलेला स्टँड वापरा आणि झोळ्या बरोबर रिबांखाली येतील अशा लावा. रिबांच्या जागा प्रायमरवर टेपने दाखवून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणी पंख उचलून परत ठेवला तरी तो मधल्या पोकळ पत्र्यावर टेकणार नाही.